नुसती फाइल

गेल्या हिवाळ्यात कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात अनुवादकांची चर्चा होती. विषय नेहमीचाच, डिजिटल काळातला अनुवाद. बोलण्याच्या ओघात मी म्हणाले की त्या वर्षी मी केलेलं सर्वांत अवघड भाषांतर पुस्तकाचं नव्हतंच. माझ्या मुलाने आणि त्याच्या भावंडांनी माइनक्राफ्ट या खेळात पाच वर्षं खपून उभारलेलं एक जग होतं, ते त्याच्या लॅपटॉपवरून सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर न्यायचं होतं. लोक हसले, मीही हसले. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ समीक्षक जवळ आले. त्यांच्या लेखनावर मी वाढले आहे, म्हणून नाव घेत नाही. म्हणाले, "अहो, ती नुसती फाइल आहे. कॉपी करायची, पेस्ट करायची. त्याला भाषांतर म्हणायला लागलात तर आम्ही इतकी वर्षं काय केलं?"

मला तिथे काही सुचलं नाही. मेट्रोत सुचलं, नेहमीप्रमाणे उशिरा. हे उत्तर त्या एकट्यांना नाही. 'नुसतं' हा शब्द सहज टाकून पुढे जाणाऱ्या सगळ्यांना आहे, आणि त्या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. ते पुढे येईल.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. माइनक्राफ्टमध्ये चौकोनी ठोकळ्यांचं जग असतं. डोंगर, माती, लाकूड, पाणी सगळं ठोकळ्यांत. ते फोडायचं, गोळा करायचं आणि त्यातून हवं ते बांधायचं. जिंकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मोजांग या स्वीडिश कंपनीने तो बनवला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. इतका खप एखाद्या कादंबरीचा झाला असता तर आपण तिच्यावर परिसंवाद घेऊन घेऊन दमलो असतो.

२०२० च्या टाळेबंदीत माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याने माझ्या माहेरचं, राजापूर तालुक्यातलं घर बांधायला घेतलं. प्रत्यक्षात त्याने ते दोनदाच पाहिलेलं. व्हिडिओ कॉलवर पुण्याची भाची, चिपळूणचा भाचा आणि न्यू जर्सीतला चुलतभावाचा मुलगा सांगत आणि हा नोएडात बसून रचत असे. मध्येच माझे वडील कुणाच्या तरी हातातला फोन ओढून घेत, "अरे, ओटी एवढी उंच नव्हती, दोन पायऱ्या कमी कर." जांभ्यासाठी तीन प्रकारचे ठोकळे लावून पाहिले, शेवटी टेराकोटावर समाधान मानलं. कौलांच्या जागी विटांच्या पायऱ्या तिरक्या रचल्या. पडवी, माजघर, न्हाणीघर, मागल्या दारचा गडगा, विहिरीवरचा रहाट. माड काही मिळाला नाही. खेळात माड नाही, म्हणून जंगलातलं उंच झाड शेंड्याला छाटून त्यालाच माड म्हणायचं ठरलं. आमच्या धंद्यात हे रोज करावं लागतं. पाट्या मात्र मुलांनी रोमन लिपीत लिहिल्या, कारण देवनागरीत वेलांटी भलतीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. 'पडवी' निभावली, 'न्हाणीघर' मोडलं.

खऱ्या घराला तेव्हाही कुलूप होतं, आजही आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, किल्ली एका काकांकडे, आणि विकायचं की ठेवायचं यावरून तीन बिऱ्हाडांचं एकमेकांशी बोलणं बंद.

मुलांच्या घरालाही अखेर तीच अडचण आली. मे महिन्यात भावंडं नोएडाला जमली की एकाच वाय-फायवर सगळी आत शिरत. सुट्टी संपली, लॅपटॉप मिटला, की घर बंद. मग भाची एकदा म्हणाली, "आत्या, घर सगळ्यांचं आणि किल्ली एकाकडे. हे आपल्यासारखंच झालं की." वय वर्षं चौदा. तिला गप्प करायला सर्व्हर उभा करण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. सर्व्हर म्हणजे असा संगणक, जो स्वतः खेळत नाही, फक्त जग चालतं ठेवतो. आमच्याकडे एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता, तो पुसला.

कॉपी-पेस्टचं काम दहा मिनिटांचंच आहे, समीक्षकमहाशयांचं तेवढं खरं. खेळ आधी पूर्ण बंद करायचा, कारण चालू असताना उचललं तर अर्धवट लिहिलेलं जग हाती येतं. 'सेव्हज' या फोल्डरमधून आपल्या जगाचं फोल्डर घ्यायचं. एक प्रत बाजूला काढून ठेवायची, हे विसरायचं नाही. दुसरी सर्व्हरच्या प्रोग्रॅमशेजारी ठेवायची आणि 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत त्या फोल्डरचं नाव लिहायचं. सर्व्हरची आवृत्ती जगाच्या आवृत्तीपेक्षा जुनी नसावी. नव्या आवृत्तीत एकदा उघडलेलं जग पुन्हा जुन्यात नीट नेता येत नाही. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की तो लगेच थांबतो आणि कराराची एक फाइल सोडून जातो. तीत 'फॉल्स' लिहिलेलं असतं, ते खोडून 'ट्रू' करायचं. करार मान्य. मी तो वाचला. आम्हा लोकांना ती खोड असते.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. चिपळूणच्या भाच्याकडे खेळाचं विकत घेतलेलं खातं नव्हतं. सुट्टीत तो इतरांच्या खात्यावरून खेळायचा. तो आत यावा म्हणून मी 'ऑनलाइन-मोड' या ओळीपुढे 'फॉल्स' लिहिलं, म्हणजे कोण आहे याची खात्री न करता आत सोड. नियमाने हे बरोबर नव्हतं, मान्य. पण शिक्षा झाली ती भाच्याला नाही, माझ्या मुलाला. तो आत गेला तो जगाच्या आरंभाच्या जागी, रिकाम्या हातांनी. सामान नाही, पेटारा रिकामा. धावत घरी गेला. ओटीवर वाघ्या बसला होता, चार वर्षांपूर्वी हाडं घालून माणसाळवलेला लांडगा. एरवी याने हात लावला की उठून मागे यायचा. त्या दिवशी उठला नाही. पुन्हा हात लावला. नाहीच उठला.

मुलगा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून खोलीतून निघून गेला. मग मी वाचत बसले, आणि समजलं ते असं. खेळ माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला बत्तीस अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक असतो, कंपनीकडून आलेला. ऑनलाइन-मोड बंद केला की सर्व्हर कंपनीला विचारणं सोडतो आणि टाइप केलेल्या नावावरून स्वतःच नवा क्रमांक तयार करतो. त्यामुळे जो नाव सांगेल तो ती व्यक्ती. माझ्या मुलाचं नाव तेच होतं, क्रमांक बदलला होता. त्याचं सामान जुन्या क्रमांकाच्या फाइलीत जसंच्या तसं होतं. वाघ्याच्या नोंदीत मालक म्हणून जुनाच क्रमांक होता. काहीही हरवलं नव्हतं. एक ठोकळा इकडचा तिकडे झाला नव्हता. त्यातलं काहीच आता त्याचं नव्हतं, एवढंच.

ज्येष्ठांनी इथे क्षणभर थांबावं अशी विनंती आहे. नक्कल अचूक होती. मूळ आणि प्रत शेजारी ठेवून तुम्ही दिवसभर ताडून पाहिली असती तरी फरक सापडला नसता. बदलला होता तो त्या जगातल्या माणसांचा त्या जगाशी असलेला संबंध, आणि तो कुठल्याच ठोकळ्यावर लिहिलेला नसतो.

भाच्यासाठी खातं विकत घेतलं, ऑनलाइन-मोड पुन्हा सुरू केला. वाघ्या उठला. मला वाटलं, संपलं.

मग घर सांभाळायला कुणी कारभारी हवा म्हणून मी मुलाला 'ऑपरेटर' केलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. "आत्या, मला ओटीची एक वीटसुद्धा हलवता येत नाही. फोडली की परत येते." प्रॉपर्टीजच्या फाइलीत आणखी एक ओळ असते, जगाच्या आरंभबिंदूभोवती सोळा ठोकळ्यांपर्यंतची जागा राखीव ठेवणारी. तिथे फक्त ऑपरेटरला बांधकाम करता येतं. मुलाने नऊ वर्षांचा असताना जिथे पहिलं पाऊल ठेवलं तिथेच घर बांधलं होतं, म्हणजे अख्खं घर त्या राखीव जागेत. यातली गंमत पुढे आहे. सर्व्हरवर एकही ऑपरेटर नसेल तर हे संरक्षण लागूच होत नाही. आदल्या दिवसापर्यंत ते चौघांचं घर होतं. मी एकाला कारभारी नेमलं आणि त्या क्षणी उरलेले तिघे स्वतःच्या घरात पाहुणे झाले. मी कुणाकडून काही काढून घेतलं नव्हतं. फक्त एकाचं नाव यादीत घातलं होतं.

आता ते जुनं भांडण. २०११ साली घरात वाटणीची बोलणी निघाली आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तौलनिक साहित्याची एम.ए. होते, दोन पुस्तकं नावावर होती. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर चहा पिताना घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, "नुसता कागद आहे गं. घर तुझंच. केव्हाही ये." सही झाली. घराचं एक कौल हललं नाही. वाटणी पुढे झालीच नाही, भांडणं झाली, कुलूप लागलं. त्यानंतर घरावर बोलणी झाली की मला चहा करायला आत पाठवतात असं नाही, आमचं घर तेवढं मागासलेलं नाही. मी बसते. मी काही बोलले की सगळे नीट ऐकतात, आणि मग ज्यांचं मत धरायचं त्यांच्याकडे वळतात.

महाराष्ट्रात ही सही किती बहिणींनी केली आहे हे मला वेगळं सांगायला नको. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरांतही केली आहे. तेव्हा फाइल असो की कागद, कुणी 'नुसतं' म्हणालं की मी आता आधी ती ओळ शोधते, जिच्यात कुणाचं तरी नाव बदललेलं असतं.

दुसरी फळी तंत्रज्ञानातल्या मित्रांची. ते म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, महिन्याच्या भाड्याने जागा घे, कंपनीच सगळं पाहील. सोय आहेच, नाकारत नाही. पण पाहणारा कोण आणि कुठल्या अटींवर, हे विचारायला नको का? या खेळाची मोजांगची जुनी खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत हलवायची होती. त्यासाठी मुदत दिली गेली, आणि २०२३ संपेपर्यंत ज्यांनी ती हलवली नाहीत त्यांनी पैसे देऊन घेतलेला खेळ त्यांच्या हातून गेला. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात खेळाडूंच्या तक्रारी थेट कंपनीकडे करायची सोय आली. तीतून बंदी आलेला खेळाडू ऑनलाइन कुठेच खेळू शकत नाही, दुसऱ्याच्या खाजगी सर्व्हरवरसुद्धा. मुलांना शिवीगाळीपासून वाचवायला काही हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आमचा डेस्कटॉप जेवणाच्या टेबलाखाली आहे, वीज आम्ही भरतो, बांधकाम मुलांचं, आणि वाघ्या कुणाला ओळखेल हे तरीही दुसऱ्या खंडातून ठरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसाठी कायदा केला. ते सभागृह कस्तुरबा गांधी मार्गापासून फार लांब नाही. कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, आणि असावा. मुलांनी पाच वर्षं बांधलेल्या घरावर हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र अजून कुणाला प्रश्नच वाटत नाही.

"पण साहित्य वेगळं," असं कुणीतरी म्हणणार. बरं, साहित्याचंच बोलू. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या, त्यातून लीळाचरित्र झालं. परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ज्यांना ते आठवत होतं त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि एका पोथीचे अनेक पाठ झाले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत ठेवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे त्याची कारणं होती, आणि बाहेरच्या जगाने त्यांना जे सोसायला लावलं ते पाहता त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पोथ्यांच्या नकला होत राहिल्या, त्या पंजाबात आणि पार काबूलपर्यंत पोचल्या. अक्षर न् अक्षर जपलं गेलं. पण किल्ली पंथाबाहेर नव्हती, आणि मराठी गद्याचा हा सर्वांत जुना ठेवा बाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतकं नसल्यातच जमा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे अशा अभ्यासकांच्या काळात ती लिपी बाहेर उलगडली, तेव्हा कुठे आपण त्या पोथ्या वाचू लागलो. फाइल तोवर शाबूतच होती. ज्या समीक्षकांनी मला सल्ला दिला, त्यांनी लीळाचरित्राच्या पाठभेदांवर एम.ए.च्या वर्गात तास घेतले असतील. त्यांना हे मी शिकवायचं?

आणि हा सल्ला मिळाला कुठे, तर कस्तुरबा गांधी मार्गावर. या रस्त्याचं जुनं नाव कर्झन रोड. नाव बदललं, पण इथली कर्झन रोड अपार्टमेंट्स अजून त्याच नावाने उभी आहेत, म्हणजे जुना क्रमांक कुठेतरी शिल्लक राहतोच. इथे मॅक्सम्युलर भवन आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेलं आणि दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिनचा वड पसरलेलं ब्रिटिश कौन्सिल आहे, अमेरिकन सेंटर आहे, आणि २०१३ पासून आपलं नवं महाराष्ट्र सदन आहे. एकेका भाषेने परक्या जमिनीवर आणून मांडलेली ही जगं आहेत. मुलाला जर्मनच्या वर्गाला सोडून मी शनिवारी या रस्त्यावर दोन तास घालवते, तेव्हा बघत असते. प्रत्येक फाटकाशी पहारा आहे, नोंदवही आहे, ओळखपत्र मागतात, पिशवी तपासतात. कुठे सभासदांना एक दार आणि इतरांना दुसरं. मला त्यात गैर वाटत नाही, जग दुसरीकडे न्यायचं तर दार करावंच लागतं. पण रोज या फाटकांतून ये-जा करणाऱ्या, आत जाताना यादीत आपलं नाव आहे ना हे बघणाऱ्या माणसाने मला सांगावं की जग हलवणं म्हणजे कॉपी-पेस्ट?

आमच्या घराचं काय केलं ते सांगते. चौघा मुलांची व्हिडिओ कॉलवर बैठक झाली. न्यू जर्सीत सकाळचे सात, म्हणून एकजण पांघरुणात होता. ऑपरेटर कुणीच नाही, राखीव जागा शून्य, आणि आत कुणाला घ्यायचं त्याची यादी चौघांच्या संमतीनेच बदलायची, असं ठरलं. मग भाची म्हणाली, "पण आत्या, संगणक तुझ्या टेबलाखाली. म्हणजे तूच ऑपरेटर." खरंच होतं. इतकं बोलून शेवटी किल्ली माझ्याच पदरात पडली होती. म्हणून दर रविवारी रात्री सर्व्हर थांबवून मी अख्ख्या जगाची प्रत चारही घरी पाठवते. कुणाचं माझ्याशी फाटलं तर त्याने आपला सर्व्हर उभारावा, कुणाला विचारायची गरज नाही. अशाने चार घरं वेगवेगळी होतील, अशी तक्रार माझ्या भावाने केली. होऊ देत की. न्यू जर्सीच्या प्रतीत खळ्यात बास्केटबॉलचा खांब उभा राहिलाही आहे. पाठभेदांना भिणाऱ्यांनी लीळाचरित्र उघडू नये.

एक तोटा झाला. पूर्वी एस्केप दाबलं की मुलाचं जग थांबायचं, सूर्य जिथल्या तिथे. आता ते थांबत नाही. पहिल्याच आठवड्यात तो दार उघडायला उठला आणि परत येईपर्यंत अंधार पडून मेला होता. चिपळूणच्या भाच्याने त्याचं सामान गोळा करून माजघरात ठेवलं.

गेल्या रविवारी किल्लीवाल्या काकांचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, मुलांनी आगर आणि विहीर अगदी हुबेहूब केली आहे म्हणतात, मलाही एक खातं घेऊन द्या, पैसे मी देतो, यादीत माझं नाव घाला. मी म्हटलं, मुलांना विचारावं लागेल. "अगं विचारायचं काय त्यात? नुसतं बघायचंय मला."

भाचीने मतदान ठेवलं आहे. पुणे हो, चिपळूण नाही, माझा मुलगा म्हणतो आधी खऱ्या घराची किल्ली दाखवा. न्यू जर्सीचं मत अजून आलेलं नाही.